लेकीबरोबर कॉलेजं बघायला निघताना

आपल्यापैकी बहुतेकांनी आपलं कॉलेज पहिल्यांदा पाहिलं ते प्रवेश नक्की झाल्यावरच. मार्क, कट-ऑफ, यादी, फी भरायची रांग. इमारत कशी आहे, तिथली मुलं कशी आहेत, हे आधी जाऊन बघायचं असतं असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. म्हणून अमेरिकेत मुलं अकरावीत गेली की शेजारपाजारचे आईबाप सुट्या लागताच गाडी काढून कॉलेजं बघत हिंडतात, त्याचं आपल्याला नवल वाटतं. वेबसाइटवर सगळं असतं, रँकिंग असतं, ओळखीच्यांची मुलं तिथे शिकत असतात. मग पाच-पाच तास गाडी चालवून हिरवळ काय बघायची?

माझी लेक आता अकरावी संपवून बारावीत जाईल. न्यू जर्सीतून निघून पूर्वेकडची बरीच आणि मध्य-पश्चिमेकडची थोडी कॉलेजं आम्ही पाहून आलो आहोत, आणि माझं म्हणणं असं आहे की जावं, जरूर जावं. पण कॉलेज जे दाखवतं त्यात फार अडकू नये, आणि जे दाखवत नाही ते बघायला टूरइतकाच वेळ वेगळा काढावा. मी पुलांच्या तपासणीचं काम करते. नवं डांबर टाकलेला पूल वरून छानच दिसतो. आम्ही आधी खाली उतरतो आणि सांध्यातून पाणी कुठे झिरपतंय ते बघतो. कॉलेजही तसं खालून बघावं. आणि बघताना एक डोळा लेकरावर ठेवावा. या फिरण्यात मला कॉलेजांबद्दल जेवढं नवं कळलं, त्याहून जास्त तिच्याबद्दल कळलं.

निघण्याआधी

पैशांचं बोलणं घरी, गाडीत बसायच्या आधी करा. आधी कॉलेज मनात भरू द्यायचं आणि मग आकडा सांगायचा, हा क्रम मुलांवर अन्याय करणारा आहे. ऑक्टोबर २०११ पासून फेडरल मदत (केंद्र सरकारची शिक्षणासाठीची आर्थिक मदत) स्वीकारणाऱ्या कॉलेजांना आपल्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावाच लागतो. टॅक्स रिटर्न समोर घेऊन बसा, माहिती भरा. तुमच्यासारख्या कुटुंबाला साधारण किती भरावे लागतील याचा अंदाज येतो. छापील फी आणि हा आकडा यांत कधी फारसा फरक नसतो, कधी निम्म्याहून जास्त असतो. स्वतःचा व्यवसाय असेल तर अंदाज जरा सैल धरा. आणि व्हिसावर असलेल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी: फेडरल मदत नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळते, एच-४ वरच्या, म्हणजे आईबापांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या मुलांना मिळत नाही. इथेच शाळा शिकलेल्या अशा मुलांना काही कॉलेजं इंटरनॅशनल विद्यार्थी म्हणून धरतात. ऍडमिशन ऑफिसला आधीच ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

दुसरा गृहपाठ आईबापांनीच करायचा, मुलांच्या गळ्यात घालायचा नाही. कॉलेजचं नाव आणि कॉमन डेटा सेट एवढं शोधलं की बहुतेक ठिकाणचा, कॉलेजने स्वतःच भरलेल्या आकडेवारीचा एक लांबलचक तक्ता सापडतो. त्यातल्या दोनच जागा मी आधी उघडते. सी-७ मध्ये प्रवेश देताना कोणती गोष्ट किती महत्त्वाची मानतात ते असतं, आणि त्यात एक ओळ असते ती अर्जदाराने दाखवलेल्या उत्सुकतेची. तुम्ही टूरला आलात का, ईमेल उघडलीत का, याची काही कॉलेजं खरोखर नोंद ठेवतात. एमआयटी, स्टॅनफर्डसारखी कॉलेजं ती अजिबात धरत नाहीत, त्यामुळे तिथे गेलो नाही तर नुकसान होईल ही भीती नको. आय-३ मध्ये वर्गांचा आकार असतो: १० ते १९ मुलांचे वर्ग किती, १०० च्या वरचे किती. टूरवर सांगितलं जाणारं शिक्षक-विद्यार्थी गुणोत्तर ऐकायला गोड लागतं, पण पहिल्या वर्षी तुमचं मूल कितव्या रांगेत बसणार आहे ते या तक्त्यावरून जास्त कळतं.

टूरची नोंदणी मुलीच्या नावाने, आणि कॉमन ऍपसाठी (एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायची वेबसाइट) ती जो ईमेल वापरणार आहे त्याच ईमेलने करा. टूर फुकट असते, पण मार्च-एप्रिलमधल्या जागा कितीतरी आधी भरतात. वर्ग चालू असताना जायला मिळालं तर सोनंच. शाळेची आणि कॉलेजची स्प्रिंग ब्रेक एकाच आठवड्यात येत नाही ना, ते कॉलेजच्या अकॅडेमिक कॅलेंडरवर बघा. प्रेसिडेंट्स डे, कोलंबस डे अशा शाळेच्या सुट्यांना बऱ्याच कॉलेजांत वर्ग चालू असतात. ते दिवस उत्तम. परीक्षेचा आठवडा टाळा, सगळेच चेहरे दमलेले असतात. उन्हाळ्यात गेलात तर इमारती दिसतात, कॉलेज दिसत नाही. आणि उत्तरेकडची कॉलेजं जमल्यास फेब्रुवारीत बघा. न्यू यॉर्क राज्यातलं टेकडीवरचं कॉर्नेल ऑक्टोबरमध्ये कुणालाही आवडेल. त्या चढावर बोचऱ्या वाऱ्यात चालून झाल्यावरही आवडलं, तर खरं.

सगळी कॉलेजं बघणं कुणालाच शक्य नसतं, आणि गरजही नसते. आम्ही सुरुवात घराजवळच्या तीन प्रकारांपासून केली: एक मोठी स्टेट युनिव्हर्सिटी, एक छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज, एक भर शहरातलं. तिथे अर्ज करायचा असा विचार नव्हता. पण छोट्या कॉलेजात अर्ध्या तासात ती म्हणाली, "आई, इथे तेच तेच चेहरे दिसतायत." एका शनिवारात यादीतली निम्मी नावं गळाली आणि पुढचा प्रवासखर्च वाचला.

टूर चालू असताना

आधी तासभर माहितीसत्र, मग तास-दीड तास चालणं. माहितीसत्रं सगळीकडे जवळपास सारखीच असतात. संशोधनाची संधी, परदेशी सेमिस्टर, शेकडो क्लब. ऐका, पण वहीत काही लिहावंसं वाटलं नाही तर काळजी करू नका. तुमची हजेरी मात्र नोंदवून घ्या.

टूर देणारी मुलं विद्यार्थीच असतात, उलटी चालत चालत बोलतात, आणि बहुतेक वेळा मनापासून बोलतात. प्रत्येक कॉलेजची एखादी समजूत असते. प्रिन्स्टनच्या फिट्झरँडॉल्फ फाटकातून पदवीच्या आधी बाहेर पडायचं नाही, मिशिगनला चौकातल्या पितळी 'एम' अक्षरावर पहिल्या परीक्षेआधी पाय द्यायचा नाही. मुलांना या गोष्टी आवडतात, त्यांना त्या मनसोक्त ऐकू द्या. काही गोष्टी आपल्यालाही हलवून जातात. पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीत कॅथेड्रल ऑफ लर्निंग नावाची ४२ मजली इमारत आहे. तिच्यात निरनिराळ्या देशांच्या नावाने सजवलेले वर्ग आहेत, आणि त्यांतला भारताचा वर्ग नालंदाच्या विटांच्या अंगणाच्या धर्तीवर बांधलाय. तिथे खरोखर तास होतात. माझी आई तेव्हा आमच्याकडे आली होती. ती त्या बाकावर बराच वेळ बसून राहिली, आणि लेकीला म्हणाली, "इथे बसून तू काहीही शिकलीस तरी चालेल मला." इलिनॉयला अर्बाना-शॅम्पेनमध्ये कॅम्पसच्या मधोमध मक्याचं शेत आहे, १८७६ पासून तिथे प्रयोग चालू आहेत, आणि त्याच्यावर सावली पडू नये म्हणून शेजारची लायब्ररीची इमारत जमिनीखाली बांधली. माझ्या धंद्यातली गोष्ट, मला अर्थातच फार आवडली. लेकीने विचारलं, "म्हणजे इथे प्रयोग संपायच्या आधी कुणी घाई करत नाही?" असा अर्थ मला सुचला नसता.

खरं आश्चर्य मला व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत वाटलं. थॉमस जेफरसनने आखलेल्या जुन्या लॉनच्या दोन्ही बाजूंना ५४ खोल्या आहेत. शेवटच्या वर्षाच्या निवडक मुलांना त्या मिळतात, आणि मिळणं हा मोठा मान समजतात. खोलीत शेकोटी आहे, बाथरूम नाही. थंडीतही बाहेर पडून चालत जावं लागतं. मी ते ऐकून मनातल्या मनात ती खोली बाद केली होती, आणि शेजारी उभ्या लेकीचे डोळे चमकत होते. घरी हिला स्वतंत्र बाथरूम लागते! तेव्हापासून मी वातानुकूलित खोली, नवं जिम, चकचकीत डायनिंग हॉल या गोष्टी तिच्या वतीने मोजणं सोडून दिलं. काय सोसायला तयार आहोत हे मुलं स्वतःच ठरवतात, आणि आपल्या अंदाजापेक्षा वेगळं ठरवतात.

टूरवर आईबापांनी मागे राहावं. दोन गट करत असतील तर मुलीला दुसऱ्या गटात पाठवा. एसएटी या प्रवेशपरीक्षेचा कट-ऑफ किती, प्लेसमेंट किती, हे तिच्या देखत मोठ्याने विचारू नका. ती उत्तरं छापील मिळतात. टूर देणाऱ्याला कॉलेजबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर येतं. त्याच्याबद्दल विचारलं की खरं येतं. "गेल्या मंगळवारी दिवसभर काय काय केलंस?" "तुझी इथली पहिली मैत्रीण कुठे भेटली?" "कोणता विषय सोडावा लागला?"

सगळ्यात चांगला प्रश्न माझ्या आईने विचारला, तोही मराठीत. एका कॉलेजात टूर देणारी मुलगी हॉस्टेलची नमुन्याची खोली दाखवत होती. आई म्हणाली, "हिला विचार, ताप आला की हिच्याकडे कोण बघतं?" लेकीने जरा संकोचत भाषांतर केलं. ती मुलगी बोलता बोलता थांबली. मग म्हणाली की मागच्या हिवाळ्यात शनिवारी तिला ताप भरला, कॉलेजचं हेल्थ सेंटर शनिवार-रविवार बंद असतं, मजल्यावरच्या रेसिडेंट असिस्टंटने (मजल्यावरच्या मुलांकडे बघणारा मोठा विद्यार्थी) नर्सच्या फोनसेवेचा नंबर दिला, आणि रूममेटने डायनिंग हॉलमधून डबा भरून आणला, कारण आजारी मुलांसाठी तसा डबा देतात. हे सांगताना तिच्या आवाजातला टूरचा सूर गेला होता. आजूबाजूच्या आईबापांनी फोन काढून लिहून घेतलं. त्यानंतर त्या गटातले सगळेच खरे प्रश्न विचारायला लागले: समुपदेशकाची वेळ किती दिवसांनी मिळते, रूममेटशी पटलं नाही तर खोली बदलता येते का, थँक्सगिव्हिंगला घरी न जाणारी मुलं कुठे राहतात. आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांना जरूर न्या. चालायचा त्रास होईल म्हणून गाडीत बसवून ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी आधी कळवलं तर बसायच्या गाडीची सोय करतात.

बटण दाबून मदत बोलवायचे, निळे दिवे असलेले संकटकाळचे खांब बहुतेक टूरवर दाखवतात. ते पाहून निश्चिंत होऊ नका, घाबरूही नका. १९९० च्या क्लेरी कायद्यानुसार फेडरल मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल १ ऑक्टोबरपर्यंत प्रसिद्ध करावा लागतो. तो वाचा. आणि रात्री लायब्ररीपासून हॉस्टेलपर्यंत एकदा चालून बघा. रस्त्यावर माणसं आहेत का, दिवे लागलेत का, ते पायांना कळतं.

टूर संपल्यावर

टूर संपली की लोक गाडीकडे वळतात. तुम्ही वळू नका. निदान दोन तास थांबायचं ठरवूनच या.

टूर देणगीदारांची नावं कोरलेल्या नव्या इमारतींतून नेते. तुमच्या मुलीचं पहिलं वर्ष ज्या इमारतीत जाणार आहे ती शोधा. पहिल्या वर्षाची केमिस्ट्री लॅब कुठे आहे, गणिताचे तास कुठे होतात, हे विचारून तिथे आत जा. छताच्या टाइल्सवर पाण्याचे डाग, बंद पडलेली लिफ्ट, दारावर महिनाभरापूर्वी चिकटवलेली दुरुस्तीची सूचना: हे सगळं मला दिसतंच, सवयच आहे. पण जुनी इमारत म्हणजे वाईट कॉलेज असं मी म्हणणार नाही. जुन्या इमारतीत स्वच्छ काचा आणि नीट चालणारं नळकाम दिसलं की तिथे कुणीतरी रोज लक्ष देतंय हे कळतं. नवीन इमारतीला दोन वर्षांत भेगा दिसल्या तर कुणी देत नाही हेही कळतं.

नोटीसबोर्ड वाचा. जिन्यातले, बाथरूमच्या दारामागचे. शिकवणी हवी आहे, खोली भाड्याने, गाण्याच्या ग्रुपची ऑडिशन, कुणाच्या तरी विरोधात सभा. तारखा बघा, मागच्या वर्षीचेच कागद लटकत असतील तर त्या क्लबांच्या शेकडोंच्या आकड्याला फार अर्थ नाही.

न्यू जर्सीच्या रटगर्स युनिव्हर्सिटीला गेलात तर बसमध्ये बसा. न्यू ब्रन्सविकमध्ये युनिव्हर्सिटी वेगवेगळ्या कॅम्पसांवर पसरलेली आहे, आणि एका तासाहून दुसऱ्या तासाला मुलं बसने जातात. तास सुटायच्या वेळी स्टॉपवर उभं राहून चढा. तुमच्या मुलीला ती गर्दी जिवंत वाटते की जीव नको होतो, ते टूरवर कळणार नाही.

डायनिंग हॉलमध्ये पाहुण्यांना पैसे भरून जेवता येतं. आपल्याकडचे बरेच जण शाकाहारी काय मिळतं एवढंच बघून बाहेर पडतात. ते बघाच, सॅलड आणि पिझ्झाच्या पलीकडे रोजचं गरम काही आहे का, ते विचारा. पण त्याहून जास्त टेबलं बघा. किती मुलं एकटी जेवतायत, आणि एकटी जेवताना अवघडलेली दिसतात की निवांत? वेगवेगळ्या रंगांची मुलं एका टेबलावर आहेत की आपापले कोपरे आहेत? कुणी आलं की सरकून जागा देतात का? माझ्या लेकीने एक नावाजलेलं कॉलेज एवढ्यावरूनच यादीच्या तळाशी टाकलं. मला ते खटकलं, पण परत आल्यावर तिथे शिकणाऱ्या ओळखीच्या एका मुलीला तिने फोन केला. मैत्री जमायला तिला वर्ष लागलं होतं.

शुक्रवारी दुपारी गेलात तर पार्किंगकडे नजर टाका. चाकाच्या बॅगा घेऊन मुलं घरी निघाली असतील तर शनिवार-रविवार कॅम्पस ओस पडणार. लांबून आलेल्या मुलांना तेव्हाच सगळ्यात जास्त करमत नाही.

विभागाची भेट वेगळी ठरवा. ऍडमिशन ऑफिसची टूर सगळ्यांसाठी असते. इंजिनिअरिंग, नर्सिंग, संगीत यांच्या टूर बहुधा वेगळ्या असतात, आणि छोट्या विभागाला मुलीने स्वतः ईमेल केली तर कुणीतरी भेटतंच, कधी वर्गातही बसू देतात. तिथे विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: नंतर विषय बदलता येतो का? पर्ड्यूला इंजिनिअरिंगची सगळी मुलं आधी समान पहिलं वर्ष करतात आणि मग शाखा निवडतात. अर्बाना-शॅम्पेनला अर्ज करतानाच विषय निवडायचा असतो. कॉम्प्युटर सायन्समध्ये मागून शिरणं अनेक मोठ्या युनिव्हर्सिटीत फार अवघड झालंय. सतराव्या वर्षी पक्कं ठरलेलं नसेल, आणि बहुतेकांचं नसतंच, तर हा एक नियम रँकिंगमधल्या वीस जागांपेक्षा महत्त्वाचा आहे.

ओळखीचं कुणी तिथे शिकत असेल तर भेट जरूर ठरवा, पण तुम्ही त्या भेटीला जाऊ नका. "काका-काकू" समोर असले की तो दादा सगळं छान आहे असंच सांगणार. दोघांना अर्धा तास कॉफी प्यायला सोडा. लेक तुम्हाला नंतर त्यातलं थोडंच सांगेल. तेवढं पुरे.

एका कॉलेजात फिजिक्सच्या इमारतीत आम्ही रस्ता चुकलो. बोळात फळा होता. त्यावर एक गणित अर्धवट सोडवलेलं, खाली वेगळ्या अक्षरात "तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलंय", त्याखाली तिसऱ्याच अक्षरात बाण आणि "म्हणजे मूळ प्रश्नच चुकीचा आहे का?", आणि सगळ्यात खाली, बहुधा प्राध्यापकांच्या हस्ताक्षरात, "हो. उद्या बोलू." लेक त्या फळ्यासमोर उभी राहिली. फोटो काढला नाही, बोललीही नाही. त्या दिवशीच्या टूरमधलं एकही वाक्य तिला आता आठवत नाही, पण ते कॉलेज यादीत सगळ्यात वर आहे. आणि मला वाटतं कारण अगदी भक्कम आहे. कुणी चूक लिहून ठेवायला घाबरत नाही, दुसरा ती सुधारतो, आणि प्राध्यापक मान्य करतात. हे कुठल्या रँकिंगमध्ये मोजतात?

गाडीत

परतताना आधी तुम्ही बोलू नका. हे सगळ्यात कठीण आहे. तुमच्या तोंडून "छान होतं नाही?" गेलं की ती एकतर हो म्हणेल किंवा मुद्दाम नाही म्हणेल, आणि तिचं स्वतःचं मत काही हाती लागणार नाही. नवऱ्यालाही आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे बाबांना दर दहा मिनिटांनी पार्किंगची फी आठवते, तीही घरी पोचल्यावरच काढायची असं ठरलंय. पहिला अर्धा तास तिचा. ती कानात हेडफोन घालून झोपली तरी चालेल.

तिला दोनच ओळी लिहायला सांगा, त्याच दिवशी: काय आवडलं, काय खुपलं. लांबलचक तक्ते, दहापैकी गुण असं काही नको, त्याची शाळा होते. फोटोंची एक युक्ती मात्र फार उपयोगी आहे. प्रत्येक कॉलेजात शिरताना पहिला फोटो नावाच्या पाटीचा काढा. तीन कॉलेजांनंतर लाल विटांच्या सगळ्या इमारती सारख्याच दिसायला लागतात, आणि पाट्या असल्या की फोनमधले फोटो आपोआप वेगळे पडतात. एका दिवसात दोनच्या वर कॉलेजं घेऊ नका. तिसऱ्या ठिकाणी दोष कॉलेजचा असतो की दमलेल्या पायांचा, ते कळत नाही.

तिची कारणं ऐकून हसू नका. "तिथे सगळे फार नटलेले होते" म्हणजे तिला तिथे कमी लेखलं जाईल अशी भीती वाटते. "तो टूर गाइड फारच गोड होता" यात काही तथ्य नाही, ते सोडून द्या. "लायब्ररीत फार शांतता होती" हे एकीला आवडेल आणि दुसरीला गुदमरवेल. तुमची कोणती आहे ते आता तुम्हाला माहीत झालं.

निवड झाल्यावरची फेरी

पैसे आणि रजा मर्यादित असतील तर आधीची लांबची कॉलेजं व्हर्च्युअल टूरवर बघा आणि प्रवासाचे पैसे एप्रिलसाठी ठेवा. निकाल लागल्यावर कॉलेजं निवडलेल्या मुलांसाठी खास दिवस ठेवतात. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या मुलांना काही कॉलेजं स्वतःच्या खर्चाने बोलावतात. विचारायला लाजू नका. हॉस्टेलमध्ये एक रात्र राहू देत असतील तर तिला एकटीला राहू द्या. आणि त्या भेटीत तुम्ही एक गोष्ट समजून घेऊन या: कॉलेजात गेल्यावर, वय १८ झालेलं नसलं तरी, १९७४ च्या फर्पा कायद्याने तिच्या मार्कांवर तिचा हक्क असतो. फी तुम्ही भरत असलात तरी तिच्या परवानगीशिवाय कॉलेज तुम्हाला निकाल दाखवेलच असं नाही. तुम्हाला काय बघायचंय आणि तिला काय दाखवायचंय, हे दोघींनी आधी ठरवून घ्या, परवानगीचा फॉर्म कॉलेजातच मिळतो.

बहुतेक कॉलेजांना १ मेपर्यंत होकार द्यायचा असतो. जाताना सगळ्या कॉलेजांची मदतीची पत्रं बरोबर न्या आणि फायनान्शियल एड ऑफिसमध्ये त्याच दिवसाची वेळ घ्या. प्रत्येक पत्रातलं अनुदान, कर्ज आणि वर्क-स्टडी (शिकताना काम करून मिळवायचे पैसे) वेगवेगळ्या रकान्यांत लिहून काढा, कारण पत्रात तिन्ही एकाच बेरजेत मिसळलेली असू शकतात. दुसऱ्या कॉलेजने जास्त दिलं असेल तर तो कागद पुढे ठेवून फेरविचार करता येईल का, असं सरळ विचारा. हा प्रश्न तुम्ही विचारा. त्या वेळात लेकीला कॅम्पसवर तिच्या वाटेने फिरू द्या.